नॉर्थपोल काका

नॉर्थपोल काकांना ‘फिरून आलात का?’ असं विचारलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात. फिरायला लोक लालबागेत जातात, सहलीला उटीला जातात आणि टूरवर युरोपला जातात. काका जातात ते मोहिमेवर. हा फरक आमच्या होसकोट्याच्या सोसायटीच्या अंगवळणी पडायला वेळ लागला, पण आता पडलाय. काका घरात नसले की वॉचमनसुद्धा ‘सार एक्स्पिडिशनगे होगिद्दारे’ असं सांगतो. मग ते कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला का गेलेले असेनात.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि तिथेच राहिलंय. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना ‘नॉर्थ पोल अंकल’ म्हणायला सुरुवात केली आणि आम्हा चार मराठी घरांनी अंकलचं काका केलं. काकांनी एकदा पोरांना थांबवून दुरुस्ती सांगितली होती. “पोल नव्हे रे. आम्ही गेलो ते ऐंशी अंशांपर्यंत. पोल नव्वदावर. मध्ये अकराशे किलोमीटर उरतात.” पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि “ओके, नॉर्थ पोल अंकल” म्हणून ती क्रिकेट खेळायला गेली.

होसकोटे हे काही मोहिमा निघण्याचं गाव नाही. बंगळूरच्या लोकांना ते दोनच कारणांनी ठाऊक. एक, कोलारच्या रस्त्यावरचे कारखाने आणि गोदामं. आणि दुसरं, पहाटेची दम बिर्याणी. शहरातली तरणी पोरं रात्री तीनला गाड्या काढून इथे येतात, अंधारात रांग लावतात आणि उजाडायच्या आत मटण खाऊन परत जातात. काका इथल्या ट्रक-बसच्या कारखान्यात नोकरीला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. बरोबरीचे सगळे पुण्याला परत गेले, तुम्ही का नाही गेलात, असं विचारलं की ते इतिहासात शिरतात. होसकोटे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे १७६८ साली मुरारराव घोरपड्यांची छावणी इथे पडलेली असताना हैदरअलीने रात्री छापा घातला आणि घोरपड्यांनी तो परतवला. “मराठी माणूस होसकोट्यात मुक्काम करतो तो मोहिमेसाठीच,” असा ते समारोप करतात. घोरपड्यांच्या वेळी सोसायटीचा मेंटेनन्स भरावा लागत नव्हता, हा मुद्दा त्यांना गौण वाटतो.

टूर कंपन्यांवर त्यांचा जुना राग आहे. एका रंगाच्या टोप्या, बसमधली अंताक्षरी, आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात आणि वर साजूक तूप. “बर्फ बघायला जायचं आणि मसालेभात आहे का विचारायचं! याला प्रवास म्हणतात?” हे ते बोलतात तेव्हा काकू स्वयंपाकघरातून ऐकत असतात आणि त्यांच्या हातात बहुधा मसालेभाताचंच पातेलं असतं.

तेव्हा काकांनी शोधून काढलं ते शिडाचं जहाज. नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. तिथल्या लाँगयरब्येन गावातून उन्हाळ्यात अशी जुनी, दोन-तीन डोलकाठ्यांची जहाजं निघतात. प्रवासी वीस-तीस, हाताच्या बोटांवर मोजावेत इतके खलाशी आणि खांद्याला बंदूक लावलेले वाटाडे. मोठी क्रूझ फ्योर्डच्या तोंडाशी थांबते. लहान जहाज आत, अगदी हिमनदीच्या समोर जाऊन उभं राहतं. २०२५च्या १ जानेवारीपासून तर नॉर्वेने नियमच केला, की तिथल्या संरक्षित भागात दोनशेहून जास्त प्रवासी घेऊन जहाजाने यायचं नाही. हा नियम काका अशा आवाजात सांगतात, की ओस्लोच्या सरकारने आधी होसकोट्याला फोन लावला असावा.

फ्योर्ड म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला लिफ्टची वाट बघताना समजावलंय, भाजीच्या गाडीवर समजावलंय आणि एका तेराव्याच्या जेवणातही समजावलंय. कोकणातली खाडी नदीने कोरलेली. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला. बर्फाची ती अजस्र जीभ हजारो वर्षं डोंगर खरवडत समुद्राकडे सरकते. ती मागे हटली की उभ्या कड्यांची खोल दरी उरते आणि तिच्यात समुद्र शिरतो. समजावताना काका दोन्ही हातांनी कडे दाखवतात. तेराव्याच्या पंगतीत त्या कड्यांमधून मठ्ठ्याची वाटी समुद्राकडे गेली.

खर्चाचा प्रश्न अर्थातच काकूंनी काढला. दोघांचे मिळून होणारे लाख ऐकून त्या म्हणाल्या, “एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन वर काशी-रामेश्वर होईल.” त्यावर काकांनी तीन पुरावे मांडले.

पहिला पुरावा लोकमान्य टिळकांचा. १९०३ साली टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातली लांबच लांब उषेची वर्णनं, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र, यांवरून त्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडलं. विद्वानांनी ते मानलं नाही, हे काकांना ठाऊक आहे. पण त्यांच्या मते विद्वानांनी न मानणं हा टिळकांच्या बाजूचा पुरावा आहे. “तेव्हा आपण जातोय ते परदेशी नाही. माहेरी.” काकू म्हणाल्या, “माझं माहेर सांगलीला आहे.”

दुसरा पुरावा कायद्याचा. १९२०चा स्वालबार्डचा करार ज्या देशांनी केला त्यांत, ब्रिटिशांच्या आधाराने का होईना, हिंदुस्थानही होता. शिवाय स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. हे काका छाती पुढे काढून सांगत आणि आवाज उतरवून पुढचं वाक्य टाकत, की तिथे पोचायला नॉर्वेतून जावं लागतं आणि नॉर्वेचा व्हिसा लागतो; तोही दोनदा प्रवेशाचा, कारण स्वालबार्डला गेलं की माणूस शेंगेनच्या बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत शिरतो. थोडक्यात, व्हिसा न लागणाऱ्या जागेसाठी काकांनी एरवीपेक्षा जास्त कागद गोळा केले.

तिसरा पुरावा तुरीच्या डाळीचा. लाँगयरब्येनजवळच्या डोंगरात २००८ साली जगभरच्या बियाण्यांची तिजोरी उघडली. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेने तिथे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचं बियाणं जपायला ठेवलंय. “तूर पोचली आणि आपण नाही!” हा पुरावा मात्र काकूंना पटला. निदान त्या गप्प बसल्या, आणि काकांनी त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली.

मग तयारी सुरू झाली. होसकोट्यात एप्रिलमध्ये ऊन रणरणत असताना काका संध्याकाळी तळ्याकाठी चालायला येत ते लोकरी बनियन, त्यावर फ्लीस, त्यावर वारारोधक जाकीट असे थर चढवून. थर हा त्यांचा त्या दिवसांतला मंत्रच होता. एका थरावर ते बोलू लागले की पुढचा माणूस घरी जाईपर्यंत तिसरा येत नसे. घरातल्या पडद्यांच्या दोऱ्यांना त्यांनी खलाशांच्या गाठी मारल्या. त्या गाठी अशा जमल्या, की कामवाल्या बाईंनी पडदे धुवायला कात्री मागितली.

तळ्यावर त्यांची गाठ एका पक्षी बघणाऱ्या कॉलेजच्या मुलीशी पडली. होसकोट्याचं तळं मोठं आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी बरेच उतरतात. काका आर्क्टिकला जाणार हे ऐकून ती म्हणाली, “मग तुम्ही टिलव्यासारखे.” टिलवा म्हणजे चिमणीएवढा चिखलातला पक्षी. हिवाळा आपल्याकडे काढतो आणि अंडी घालायला आर्क्टिकच्या टुंड्रात जातो. काका त्या दिवशी घरी लवकर आले. वीस-पंचवीस ग्रॅमचं पाखरू दरवर्षी, विमा न काढता, एका थरात जाऊन येतं, हे त्यांना लागलं होतं. रात्री अकराला त्यांचा मला मेसेज आला : ‘टिलवा सैबेरियाला जातो. स्वालबार्डला नाही.’ मग त्यांना झोप लागली असावी.

तयारीचा कळस झाला तो कोल्ड स्टोरेजमध्ये. काकांच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याची गोदामांच्या बाजूला ओळख होती. आइस्क्रीम ठेवतात त्या उणे अठरा अंशांच्या खोलीत काका सगळे थर, दोन हातमोजे आणि गॉगल घालून उभे राहिले. खोकी उचलायला आलेल्या पोराने आधी दचकून मागे उडी मारली आणि मग अदबीने विचारलं, “सार, ऐस्क्रीम बेका?” काकांनी मान हलवली नाही. चष्म्यावर वाफ गोठली होती. तिथे ते दहा मिनिटं टिकले आणि बाहेर येऊन म्हणाले, “जमेल.” स्वालबार्डमध्ये जुलैत सरासरी तापमान शून्याच्या सहा-सात अंश वर असतं. काकांच्या अख्ख्या आर्क्टिक मोहिमेतलं सर्वांत थंड ठिकाण होसकोट्यातच निघालं, याचा उल्लेख त्यांच्या भाषणात नसतो.

प्रत्यक्ष मोहिमेची हकीकत आमच्याकडे दोन प्रतींत उपलब्ध आहे. काकांची प्रत लांब आहे, काकूंची तुटक. खरं काय घडलं ते दोन्ही समोर ठेवूनच काढावं लागतं.

काकांच्या प्रतीत पहिलं अस्वल पहिल्याच तासात दिसतं. काकूंच्या प्रतीत ते लाँगयरब्येनच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यावर आहे आणि पेंढा भरलेलं आहे. आणि काका त्याच्यामागे लपले होते. कारण पलीकडे सामान घ्यायला एका रंगाच्या टोप्या घातलेला मराठी जथा उभा होता. मोठ्या जहाजावर चढायला आलेला. काका जगाच्या टोकाला ज्यांच्यापासून पळून आले होते तेच आधी पोचलेले. त्यातल्या एका बाईंनी काकूंना साडीवरच्या जाकिटावरून बरोबर ओळखलं, “कुठल्या तुम्ही? सांगलीच्या का?” म्हणत चिवड्याचं पाकीट हातात कोंबलं आणि अस्वलाकडे बघून विचारलं, “ते तुमचेच ना?”

गावाचा पहिला धक्काही काकूंना बसला नाही. लाँगयरब्येनमध्ये हॉटेलात शिरताना बूट दाराशी काढतात. एकेकाळी खाणकामगारांच्या बुटांबरोबर कोळसा आत यायचा, तेव्हाची ती रीत. काका हे सांस्कृतिक आश्चर्य म्हणून टिपत होते, तेवढ्यात काकू अनवाणी आत जाऊन चहा विचारून आल्या होत्या.

जहाज ईसफ्योर्डमधून उघड्या समुद्रावर आलं आणि काकांना बोट लागली. त्यांचं बालपण दाभोळच्या खाडीकाठचं, दर्या रक्तात असल्याचं ते वर्षभर सांगत होते. रक्तात असेलही, पोटात नव्हता. दिलीप दोंदे २००९-१० साली ‘म्हादेई’तून एकटे पृथ्वीला वळसा घालून आले, हे त्यांनी जहाजावरच्या डच खलाशांना सांगायला सुरुवात केली होती. दोंदे विषुववृत्तापर्यंत पोचायच्या आत काकांना बादली मागावी लागली. काकूंना काहीच झालं नाही. त्यांनी आल्याची वडी चघळत वरच्या डेकवर देवमाशाचा फवारा पाहिला.

पुढे मात्र काका सावरले आणि दोर ओढू लागले. लहान जहाजावर प्रवाशांनी हात लावला तर खलाशांना आवडतं, सक्ती नसते. काकांनी ती स्वतःवर करून घेतली. शिडं चढवणं, दोर गुंडाळणं, बटाटे सोलणं, जेवणानंतर थाळ्या पुसणं. काकू म्हणतात, “घरी पाण्याची बादली सरकवा म्हटलं तर कंबर. तिथे लाखो रुपये भरून भांडी घासली.” शिवाय फ्योर्डच्या आत वारा लहरी, कड्यांनी अडवलेला, त्यामुळे बराचसा प्रवास इंजिनावरच झाला. काकांच्या प्रतीत इंजिन नाही.

खऱ्या अस्वलाची भेट अशी. नियमाने जहाजाला अस्वलापासून किमान तीनशे मीटर लांब राहावं लागतं, आणि मार्च ते जूनअखेर पाचशे. दुर्बिणीतून किनाऱ्यावर एक पिवळट ठिपका दिसला. तो उठला, थोडा चालला आणि पुन्हा झोपला. काका हे वीस मिनिटं सांगतात. मॉफेन बेटावरचे वॉलरस त्यामानाने जवळ वाटले. पंगत उठल्यावर सतरंजीवर लवंडलेल्या व्याह्यांसारखे ते एकमेकांवर पाय टाकून पडले होते, असं काकूंचं निरीक्षण.

सूर्य मावळेना, ही काकूंची खरी अडचण. त्या भागात एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. मध्ये संकष्टी आली. चंद्रोदय कधी, हे विचारायला काकू कप्तानाकडे गेल्या. त्याने आकाशाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि नम्रपणे कॉफी देऊ केली. शेवटी त्यांनी बंगळूरची वेळ धरून उपास सोडला आणि काकांना विचारलं, “तुमचे ते ऋषी इथे राहत होते म्हणता, तर त्यांच्या बायका संकष्टी कधी सोडायच्या?” टिळकांच्या सिद्धांतावर आजवर घेतलेला हा सर्वांत अवघड आक्षेप असावा. काका अजून ग्रंथ चाळतायत.

व्हिर्गोहाम्नाला काकांना टिळकांचा एक दुवा सापडलाही होता म्हणे. त्या किनाऱ्यावरून ११ जुलै १८९७ रोजी आंद्रे नावाचा स्वीडिश माणूस दोन साथीदारांसह फुग्यातून ध्रुवाकडे उडाला. तिघे परतले नाहीत. त्यांचे अवशेष १९३० साली एका बेटावर मिळाले. “आणि त्याच महिन्यात इकडे टिळकांना अटक!” काका म्हणाले. वाटाड्याने, म्हणजे बंदूकवाल्या मुलीने, या दोन गोष्टींचा संबंध विचारला. काका म्हणाले, “जुलै.”

भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र नी-ऑलेसुन या वस्तीत २००८पासून आहे. गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे तिचे लोक ते चालवतात. काकांनी त्या क्षणासाठी छोटा तिरंगा नेला होता आणि होसकोट्याच्या ग्रुपला थेट व्हिडिओ दाखवायचा बेत होता. पण नी-ऑलेसुनला अवकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत टिपणारी यंत्रणा आहे. त्यामुळे भोवतालच्या वीस किलोमीटरांत वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. काका हिमाद्रीसमोर तिरंगा घेऊन उभे, फोन विमान-मोडवर आणि दार बंद. आत बिनकामाच्या पाहुण्यांना प्रवेश नाही. शेजारच्या चिनी केंद्राच्या दाराशी दगडी सिंहांची जोडी होती. इटलीचे, जपानचे प्रवासी तिथे उभे राहून फोटो काढत होते. निर्जनतेच्या शोधात निघालेल्या माणसाला निर्जनता भेटली ती अशी, सिग्नल नसलेली. काकू म्हणतात, त्यांचा इतका पडलेला चेहरा मुलीच्या पाठवणीलाही पाहिला नव्हता.

एकदाच ते खरोखर गप्प झाले. लीफ्डेफ्योर्डमध्ये मोनॅको हिमनदीच्या समोर जहाज थांबलं होतं. कप्तानाने त्यांना आपला जुना नकाशा दाखवला. नकाशाप्रमाणे जहाज पाण्यात नव्हतंच; ते बर्फाच्या आत उभं होतं. छापल्यानंतर हिमनदी तेवढी मागे गेली होती. काकांनी नकाशावर बोट ठेवलं, वर समोर पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ही गोष्ट ते आम्हाला सांगत नाहीत. काकूंनी सांगितली.

परतल्यावर क्लब हाऊसमध्ये स्लाइड शो झाला. त्याला सगळे आले, कारण शेवटी समोसे होते. तेव्हापासून सोसायटीची भाषा बदलली. काका पार्किंगमध्ये उतरतात त्याला लँडिंग म्हणतात. पाण्याचा टँकर आला नाही तर ते सेक्रेटरीला ‘प्लॅन बी’ विचारतात. जहाजावर गोडं पाणी कसं मोजून वापरायचे, दोन मिनिटांत अंघोळ कशी व्हायची, हे ते डोळे मिटून आठवतात; आणि होसकोट्यात टँकर अर्धा तास उशिरा आला, की सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो.

आता त्यांना स्वालबार्ड नकोसं झालंय. “फार गर्दी झाली तिथे,” असं ते म्हणतात. मोहिमेच्या शेवटी त्यांना क्षितिजावर दुसरं एक जहाज दिसलं होतं. पुढचं ठरलंय ते पूर्व ग्रीनलंडमधलं स्कोर्सबी साउंड, जगातली सर्वांत मोठी फ्योर्डरचना. तोंडाशी काहीशे वस्तीचं एक गाव आणि आत शेकडो किलोमीटर कुणी नाही. अगदी कुणीच नाही, हे सांगताना काकांचे डोळे चमकतात आणि ऐकणारा उठू लागला तर ते त्याची बाही धरतात. त्यांना जिथे कुणी नाही अशी जागा हवीच असते. फक्त तिथे कुणी नाही हे ऐकायला कुणीतरी लागतं.

काकू या वेळी जाणार नाहीत. चिवडा देणाऱ्या बाईंशी त्यांची फोनवर मैत्री जमलीय आणि दोघी डिसेंबरात एका रंगाच्या टोपीत थायलंडला चालल्यात. त्यामुळे जहाजावरच्या दोन माणसांच्या केबिनमध्ये एक जागा रिकामी आहे. काकांनी सोसायटीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “तुम्ही मध्ये बोलत नाही,” हे त्यांनी निवडीचं कारण सांगितलं. मी काकूंकडे मदतीच्या आशेने पाहिलं. त्या म्हणाल्या, “जा ना भावजी. तेवढाच इथे सगळ्यांच्या कानांना विसावा.”

मी अजून होकार दिलेला नाही. पण काल कोल्ड स्टोरेजवरून फोन आला होता, उद्या सकाळी दोघं येणार का म्हणून.